आधी गळफांदी ओळखा, मग कापा: फोनमधल्या एआयची छाटणी आणि खानदेशची कपाशी

जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने महाअ‍ॅग्री-एआय धोरण मंजूर केलं. शेतीत एआय आणण्यासाठी पहिल्या तीन वर्षांकरता ५०० कोटी रुपये. त्याच्या आधी, १५ ऑगस्ट २०२४ ला, केंद्राच्या कृषी मंत्रालयाने राष्ट्रीय कीड निरीक्षण प्रणाली सुरू केली होती. पिकाचा किंवा किडीचा फोटो काढायचा, ॲप सांगणार कोणती कीड आहे आणि काय करायचं. सरकारी माहितीनुसार त्यात ६१ पिकं आणि ४०० हून जास्त किडी आहेत.

म्हणजे धुळे, साक्री, शिंदखेडा, शिरपूर या चारही तालुक्यांतल्या कापूस उत्पादकाच्या फोनमध्ये असं एखादं ॲप आज नाही तर उद्या येणार. कृषी सहायक सांगतील, दुकानदार सांगेल, नाहीतर गावातला एखादा पोरगा टाकून देईल. ॲप चांगलं की वाईट यावर भरपूर बोललं जातं. त्याच्या पोटात काय आहे, यावर फारसं कुणी बोलत नाही. मोठमोठ्या सर्व्हरवर तयार झालेलं अवजड न्यूरल नेटवर्क आठ-दहा हजारांच्या फोनमध्ये बसवायचं तर त्याला कापावं लागतं. त्यातलं काय कापलं, काय ठेवलं आणि कापल्यानंतर ते नेमकं काय बघून उत्तर देतंय, हे दिसायला हवं. या ‘दिसण्याचं’ आता एक अख्खं शास्त्र झालं आहे. नेटवर्कच्या आतलं चित्र काढायचं, त्यावरून ते समजून घ्यायचं आणि त्यावरूनच ते हलकं करायचं.

पतंग मोजणारं ॲप

आपल्या राज्यातलं सगळ्यात जवळचं उदाहरण वाधवानी एआय या मुंबईच्या संस्थेचं. ही संस्था २०१८ मध्ये सुरू झाली. कपाशीवरच्या बोंडअळीसाठी त्यांनी एक प्रणाली बनवली, तिला २०१९ मध्ये गुगलच्या एआय इम्पॅक्ट चॅलेंजमधून २० लाख डॉलरचं अनुदान मिळालं. पुढे ती ‘कॉटनएस’ या नावाने ओळखली जाऊ लागली. २०२० मध्ये त्यांनी या कामावर शोधनिबंधही प्रसिद्ध केला.

काम साधं वाटतं. शेतात कामगंध सापळे लावायचे. मादीच्या वासाच्या आमिषाने नर पतंग त्यात येऊन अडकतात. अडकलेले पतंग कागदावर काढून फोनने फोटो घ्यायचा. ॲप फोटोतले पतंग मोजतं, गुलाबी बोंडअळीचे किती आणि अमेरिकन बोंडअळीचे किती ते वेगळं करतं, आणि त्या आकड्यावरून फवारणी करायची की थांबायचं हा सल्ला देतं.

आकडा इतका महत्त्वाचा का? गुलाबी बोंडअळी बोंडात शिरली की बाहेरून दिसत नाही आणि फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. डोमकळ्या दिसायला लागल्या म्हणजे ती आधीच आत आहे. म्हणून पतंगांवर नजर ठेवायची. आर्थिक नुकसानीची पातळी शेतकऱ्यांना तोंडपाठ आहे: एका सापळ्यात रोज सरासरी आठ पतंग, सलग तीन रात्री. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि कृषी विद्यापीठं हाच निकष सांगत आली आहेत. खानदेशात हा प्रश्न जास्त टोकाचा, कारण ठिबकवरची पूर्वहंगामी कपाशी मे महिन्यातच लागते. तिची फुलं लवकर येतात आणि आधीच्या हंगामातून निघालेल्या पतंगांना आयतं घर मिळतं. ठरावीक तारखेच्या आधी बियाणं विकू नका, असा आदेश सरकार काढतं तो याच साखळीला तोडण्यासाठी. आदेश निघतो, आणि शेजारच्या राज्यातून बियाण्याची पाकिटंही येतात, हे इथे सगळ्यांना माहीत आहे.

चुकीच्या दोन्ही बाजूंना किंमत आहे. आकडा कमी आला तर बोंडं गेली. २०१७ च्या हंगामात राज्यातल्या कपाशीचं गुलाबी बोंडअळीने काय केलं ते अजून कुणी विसरलेलं नाही. आकडा जास्त आला तर विनाकारण फवारणी. त्याच २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. म्हणजे हा फक्त औषधाच्या बाटलीच्या खर्चाचा हिशोब नाही.

आता तांत्रिक अडचण. शेतात नेट असेलच असं नाही. शिरपूरच्या वर सातपुड्याच्या बाजूला गेलात की फोनवरच्या काड्या एकेक करत गळतात. म्हणून फोटो सर्व्हरला पाठवून उत्तराची वाट बघणं परवडत नाही. मोजणी फोनमध्येच, नेटशिवाय व्हायला हवी. वाधवानीच्या टीमलाही हेच करावं लागलं. मूळ मॉडेल दाबून, छाटून इतकं लहान केलं की ते साध्या फोनवर चालेल.

वजन एकीकडे, कष्ट दुसरीकडे

नेटवर्क जड म्हणजे नेमकं किती? व्हीजीजी-१६ हे ऑक्सफर्ड विद्यापीठात २०१४ साली तयार झालेलं नेटवर्क घेऊ. चित्रं ओळखणाऱ्या नेटवर्कमधलं हे जुनं, पण अभ्यासाला अजूनही उत्तम. त्यात साधारण १३.८ कोटी आकडे असतात. या आकड्यांना ‘वेट’ म्हणतात, आणि शिकणं म्हणजे हे आकडे हळूहळू बदलत योग्य जागी आणणं. प्रत्येक आकड्याला ४ बाइट जागा. १३.८ कोटी गुणिले ४, म्हणजे सुमारे ५५२ एमबी. एका ॲपमध्ये फक्त ‘मेंदू’चाच एवढा बोजा.

पण हे आकडे सगळीकडे सारखे पसरलेले नसतात. प्रत्येक लेयरमध्ये किती आकडे आहेत याचा एक साधा स्तंभालेख काढला तर डोळे उघडतात. सोळापैकी एकाच लेयरमध्ये सुमारे १०.३ कोटी आकडे बसलेले आहेत, म्हणजे जवळपास तीन चतुर्थांश वजन एकाच ठिकाणी. चित्रातल्या कडा, रंग, पोत शोधणाऱ्या पहिल्या तेरा लेयर्सचं सगळं मिळून वजन दीड कोटीच्या आत. आणि आता दुसरा स्तंभालेख काढा, या वेळी गुणाकार-बेरजांचा. चित्र उलटं होतं. ९९ टक्के गणित त्या हलक्या तेरा लेयर्समध्ये होतं आणि जड लेयर जवळजवळ बसून असते!

हे फोनच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे. जड लेयर कापली तर डाउनलोड लहान होतं, जागा वाचते. पण ॲप वेगाने चालेल असं नाही. वेग हवा असेल, बॅटरी वाचवायची असेल तर कष्ट करणाऱ्या लेयर्समधले फिल्टर कमी करावे लागतात. कोणता प्रश्न सोडवतोय हे न बघता ‘मॉडेल दहापट लहान केलं’ असं कुणी सांगितलं तर पहिला प्रश्न हाच विचारा: दहापट लहान म्हणजे जागेत, की वेळेत? ‘व्हिज्युअलायझेशन’ म्हटलं की लोकांना रंगीबेरंगी काहीतरी डोळ्यांसमोर येतं. माझ्या मते सगळ्यात उपयोगी चित्र हे दोन कंटाळवाणे स्तंभालेख आहेत.

गळफांदी आणि फळफांदी

कपाशीत हल्ली दादा लाड तंत्राची चर्चा गावोगाव आहे. झाडाच्या बुंध्याकडून निघणाऱ्या गळफांद्या महिना-सव्वा महिन्याच्या सुमारास काढून टाकायच्या, पुढे ठरावीक उंचीला शेंडा खुडायचा. गळफांदी अन्न खाते, वाढते, सावली करते, पण बोंडं द्यायला फारशी उपयोगाची नाही. ती काढली की ताकद फळफांद्यांकडे जाते.

न्यूरल नेटवर्कची छाटणी, ज्याला प्रूनिंग म्हणतात, ती अगदी याच तर्काने चालते. कल्पना नवी नाही. यान लेकुन, जॉन डेन्कर आणि सारा सोल्ला यांनी १९८९ मध्येच दाखवलं होतं की नेटवर्कमधले बरेच आकडे काढून टाकले तरी बिघडत नाही. त्या निबंधाचं नावही गमतीचं, ‘ऑप्टिमल ब्रेन डॅमेज’, म्हणजे मेंदूला नेमकी हवी तेवढीच इजा. नंतर नेटवर्क अवाढव्य झाली आणि २०१५ मध्ये स्टॅनफर्डच्या साँग हान आणि सहकाऱ्यांनी ही कल्पना पुन्हा उचलली. त्यांनी तीन गोष्टी एकापाठोपाठ केल्या. लहान किमतीचे आकडे शून्य करून छाटले, उरलेल्यांना परत थोडं शिकवलं. मग जवळजवळच्या आकड्यांना एकच सामायिक किंमत देऊन कमी बिटमध्ये बसवलं. शेवटी फाइल झिप करतो तशा प्रकारे दाबली. व्हीजीजी-१६ मधले फक्त साडेसात टक्के आकडे उरले. ५५२ एमबीचं मॉडेल ११.३ एमबीवर आलं, आणि अचूकता घसरली नाही. ती जड लेयर? तिच्यातले शंभरातले चारच आकडे शिल्लक राहिले.

एक व्यावहारिक फरक इथे सांगायला हवा. झाडावरची पानं इकडून तिकडून खुडणं वेगळं आणि आख्खी फांदी काढणं वेगळं. सुटे आकडे शून्य केले तर नेटवर्क जाळीदार होतं, भोकं पडतात. पण साधा फोन त्या शून्यांनाही गुणत बसतो. आख्खे फिल्टर काढले तर गणित खरोखरच कमी होतं. म्हणून फोनसाठी काम करणारे लोक फांदीच कापायला बघतात. आणि फांदी कापायची तर ती गळफांदी आहे की फळफांदी हे ओळखता यायला हवं. शेतात नवखा मजूर लावला आणि त्याने फळफांद्याच काढल्या तर काय होईल ते सांगायला नको. कपाशीत ओळखायची खूण आहे: फांदी कुठून निघाली, सरळ वर जाते की नागमोडी, तिच्यावर पात्या लागतात का. नेटवर्कमध्ये काय बघायचं?

आत डोकावण्याच्या तऱ्हा

न्यूयॉर्क विद्यापीठातल्या मॅथ्यू झायलर आणि रॉब फर्गस यांनी २०१३ मध्ये नेमकं हेच केलं. त्या वेळचं सगळ्यात गाजलेलं नेटवर्क होतं ॲलेक्सनेट. त्याचे फिल्टर नेमके काय बघून जागे होतात, ते उलट दिशेने जाऊन चित्रात उतरवायची पद्धत त्यांनी काढली. सुरुवातीच्या लेयरमध्ये कडा आणि रंगाचे ठिपके, मधल्या लेयरमध्ये जाळ्या, पोत, पट्टे, आणि शेवटाकडे कुत्र्यांची तोंडं, चाकं, फुलं. पण खरी कमाल पुढे होती. चित्रं बघताना त्यांना दिसलं की पहिल्या लेयरमधले काही फिल्टर मेलेले आहेत, काहीच शिकलेले नाहीत, आणि पुढच्या लेयरमध्ये जाळीसारखे खोटे नमुने उमटतायत. कारण सापडलं: फिल्टर ११ पिक्सेलचा, फार मोठा होता आणि तो चित्रावर ४-४ पिक्सेलच्या उड्या मारत होता. त्यांनी फिल्टर ७ चा केला, उडी २ ची. निकाल सुधारला. नुसत्या अचूकतेच्या आकड्याकडे बघून हे कधी कळलं नसतं.

छाटणीसाठी याचा अर्थ उघड आहे. मेलेला फिल्टर दिसला, काढा. दोन फिल्टर एकसारखंच बघतायत, एक ठेवा. पण उरलेल्या शेकडोंचं काय? तिथे ‘किती मोठा आकडा’ हा निकष कामाला येतो, पण फसवाही असतो. लहान आकड्यांचा फिल्टर क्वचित वापरला जात असेल, पण जेव्हा लागतो तेव्हा त्याच्याशिवाय चालत नसेल. यावर जर्मनीतल्या संशोधकांनी सुचवलेला मार्ग मला सगळ्यात पटतो. नेटवर्कने एखादं उत्तर दिलं की त्या उत्तराचं श्रेय मागे मागे वाटत न्यायचं: शेवटच्या लेयरकडून आधीच्या लेयरकडे, तिथून फिल्टरकडे, शेवटी चित्रातल्या पिक्सेलकडे. पिक्सेलपर्यंत गेलं की हीटमॅप मिळतो, म्हणजे कुठे बघून उत्तर दिलं त्याचा लाल-निळा नकाशा. आणि वाटेत प्रत्येक फिल्टरच्या वाट्याला किती श्रेय आलं तेही कळतं. ज्याच्या वाट्याला काही येत नाही ती गळफांदी. सोल-की योम, सेबास्टियन लापुश्किन आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये हे मांडलं, आणि त्यांना आढळलं की फोटो कमी असतील व छाटल्यावर परत शिकवण्याची सोय नसेल तेव्हा ही पद्धत विशेष उपयोगी पडते. फोटो कमी आणि परत शिकवायला साधनं नाहीत, हे वर्णन आपल्याकडच्या कुठल्याही जिल्ह्याच्या कृषी कॉलेजला लागू पडतं.

इथे समजावणं आणि हलकं करणं ही दोन कामं एकच होतात. एकाच हिशोबातून एका टोकाला नकाशा मिळतो आणि दुसऱ्या टोकाला कात्री.

नव्याण्णव टक्क्यांचं काय झालं

हीटमॅप कशाला हवा, अचूकता मोजली की झालं, असं म्हणणाऱ्यांसाठी प्लांटव्हिलेजची गोष्ट. पिकांच्या रोगांवरचा हा जगातला सगळ्यात वापरलेला फोटोसंग्रह. ५४,३०६ फोटो, १४ पिकं, २६ रोग. २०१६ मध्ये शरद मोहंती, डेव्हिड ह्यूज आणि मार्सेल सालाथे यांनी त्यावर नेटवर्क शिकवलं आणि ९९.३५ टक्के अचूकता मिळवली. बातम्या झाल्या. पण त्याच निबंधात त्यांनी प्रामाणिकपणे आणखी एक आकडा दिला होता: वेगळ्या परिस्थितीत काढलेले, बाहेरून मिळवलेले फोटो दाखवल्यावर अचूकता ३१ टक्क्यांच्या आसपास आली.

का? २०२२ मध्ये एका अभ्यासात प्रत्येक फोटोच्या कडेचे, म्हणजे पार्श्वभूमीचे फक्त आठ पिक्सेल घेतले. पानाचा एकही पिक्सेल नाही. तेवढ्यावर मॉडेल शिकवलं तर ३८ प्रकारांमधून बरोबर उत्तर ४९ टक्के वेळा आलं. नुसत्या अंदाजाने २.६ टक्के यायला हवं होतं. म्हणजे फोटो ज्या टेबलावर, ज्या उजेडात काढले त्यावरूनच रोगाचं नाव कळत होतं! पान बघायची गरजच नव्हती.

आता असं नेटवर्क छाटायला घेतलं तर काय होईल? छाटणी इमानदारीने सांगेल की पानावरच्या डागांचे फिल्टर फारसे लागत नाहीत, पार्श्वभूमीचे लागतात. डाग ओळखणारे फिल्टर कापले जातील, अचूकता ९९ टक्केच दिसेल, आणि मॉडेल लहान होता होता जास्त मूर्ख होईल. चुकीच्या पायावर केलेली छाटणी चूक पक्की करते. म्हणून हीटमॅप आधी बघायचा. लाल रंग पानावर पडतोय की टेबलावर, हे कळायला इंजिनिअर असावं लागत नाही.

आणखी एक गोष्ट जाता जाता. प्लांटव्हिलेजच्या त्या १४ पिकांत सफरचंद आहे, ब्लूबेरी आहे, रास्पबेरी आहे. कापूस नाही. केळीही नाही. धुळे-जळगावची दोन्ही मुख्य पिकं जगातल्या सगळ्यात वापरलेल्या संग्रहात नाहीत. तेव्हा ‘आमचं मॉडेल लाखो फोटोंवर शिकलंय’ असं ऐकलं की विचारायचं, त्यात रावेर-यावलच्या केळीवरच्या करप्याचे किती, आणि शिंदखेड्याच्या कोरडवाहू कपाशीचे किती?

छाटणीत कोण हरवतं

आता कळीचा मुद्दा. सारा हूकर आणि सहकाऱ्यांनी २०१९ पासून एक प्रश्न लावून धरला: छाटलेली नेटवर्क काय विसरतात? एकूण अचूकता जवळपास तीच राहते, हे खरं. पण आत बघितलं तर तोटा सगळ्यांना सारखा बसत नाही. काही मोजक्या प्रकारांवर आणि मोजक्या फोटोंवर तो एकवटतो. जे फोटो दुर्मिळ असतात, अस्पष्ट असतात, नेहमीच्या नमुन्यात बसत नाहीत, ते आधी विसरले जातात. सरासरी सांभाळण्यासाठी दुर्मिळाचा बळी जातो.

६१ पिकं आणि ४०० किडी असलेल्या कुठल्याही प्रणालीत थोड्या किडींचे ढीगभर फोटो असतात आणि बाकीच्यांचे मूठभर. छाटणी त्या मूठभरांवरच येण्याची भीती. कुठल्या एका सरकारी ॲपमध्ये असं झालंय असा माझा दावा नाही. पण असं झालं नाही, हे दाखवण्याची जबाबदारी ॲप बनवणाऱ्याची आहे, आणि ‘एकूण अचूकता ९५ टक्के’ या एका आकड्याने ती पार पडत नाही. प्रत्येक किडीचा छाटणीआधीचा आणि नंतरचा आकडा शेजारी शेजारी मांडायला हवा.

पतंगांच्या मोजणीत हे आणखी बारीक होतं. सापळ्यात दोन दिवस पडलेला पतंग ताज्या पतंगासारखा दिसत नाही. पंखांवरची खवलं झडतात, पंख तुटतात, पावसाने चिकटतात. मोठं मॉडेल असे पतंग ओळखत असेल आणि छाटलेलं सोडून देत असेल तर रोजच्या आकड्यात एक-दोनचा फरक पडेल. वीस पतंग असताना अठरा मोजले तर सल्ला बदलत नाही. आठ असताना सात मोजले तर बदलतो. त्यातून निकष सलग तीन रात्रींचा. समजा, त्या उंबरठ्यावर प्रत्येक रात्रीची मोजणी बरोबर यायची शक्यता ९० टक्के आहे आणि एका रात्रीच्या चुकीचा दुसरीशी संबंध नाही. तर तिन्ही रात्री बरोबर यायची शक्यता उरते सुमारे ७३ टक्के. दर चार शेतांमागे एकाला इशारा उशिरा मिळेल. अचूकता मात्र कागदावर ९० टक्केच.

म्हणून पतंग मोजणाऱ्या मॉडेलचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो. ते आख्ख्या फोटोला एक उत्तर देऊन मोकळं होत नाही. प्रत्येक पतंगाभोवती चौकट काढतं. ती चौकट हेच त्याचं स्पष्टीकरण. शेतकऱ्याने स्क्रीनवर बोट ठेवून मोजावं: एक, दोन, तीन… हा एक राहिला, आणि हा तर पतंग नाहीच, पाकळीचा तुकडा आहे. हीटमॅपच्या लाल-निळ्या ढगापेक्षा हे शंभर पटीने समजण्यासारखं. ॲपवाल्यांनी चौकटी लपवून फक्त आकडा दाखवायचं ठरवलं, स्क्रीन ‘स्वच्छ’ दिसावी म्हणून, तर ते शेतकऱ्याच्या हातातला तपासणीचा एकमेव मार्ग काढून घेतात.

चित्रही खोटं बोलतं

हीटमॅपवर डोळे मिटून विसरायचं असंही नाही. २०१८ मध्ये ज्युलियस अडेबायो आणि सहकाऱ्यांनी एक साधी परीक्षा घेतली. शिकलेल्या नेटवर्कचे आकडे उधळून टाकले, म्हणजे त्याला काहीच येत नाही असं केलं, आणि मग हीटमॅप काढला. काही पद्धतींचा हीटमॅप जवळपास तसाच आला! म्हणजे ती पद्धत नेटवर्क काय शिकलंय ते दाखवतच नव्हती, फोटोतल्या कडा ठळक करून दाखवत होती. ग्रॅड-कॅम ही पद्धत, जी २०१६-१७ मध्ये रामप्रसाथ सेल्वराजू, देवी पारीख, ध्रुव बात्रा आदींनी मांडली, ती या परीक्षेत टिकली. मला वाटतं सुरुवात करणाऱ्याने तिच्यापासूनच करावी. कोड लहान आहे आणि फोटो फुकटचा सुंदर दिसत नाही.

छाटणीवरही एक गंभीर आक्षेप आहे. २०१८ मध्येच काही संशोधकांनी दाखवलं की फिल्टर काढून उरलेल्या लहान नेटवर्कला अगदी कोऱ्या पाटीपासून शिकवलं तरी बहुतेक वेळा तेवढंच चांगलं येतं. मग मोठं बनवून कापायचं कशाला? आधीच लहान का नको? मोबाइलसाठीच बनवलेलं मोबाइलनेट २०१७ पासून उपलब्ध आहे, त्यात ४२ लाख आकडे, व्हीजीजीच्या तेहतिसाव्या हिश्शाच्या आसपास. त्यावर प्रत्येक आकडा ३२ ऐवजी ८ बिटमध्ये ठेवला की आकार आणखी चौथाईवर. आक्षेप रास्त आहे. पण लहान नेटवर्क सुरुवातीपासून घेतलं तरी ते काय बघतंय हा प्रश्न सुटत नाहीच. उलट त्याला तुलना करायला मोठा भाऊ नसतो.

धुळ्यात बसून काय करता येईल

यासाठी लागणारी अवजारं फुकट आहेत. नेट्रॉन नावाच्या प्रोग्रॅममध्ये कुठलीही मॉडेल फाइल उघडा, आतली प्रत्येक लेयर आणि तिचा आकार समोर दिसतो. सीएनएन एक्स्प्लेनर हे जॉर्जिया टेकचं पान ब्राउझरमध्येच एका लहान नेटवर्कचा एकेक गुणाकार उलगडून दाखवतं. पायटॉर्चमध्ये छाटणीची सोय तयार आहे. गुगल कोलॅबवर काही तास फुकट मिळतात.

धुळ्यात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं कृषी महाविद्यालय आहे. शहरात आणि शिरपूरला इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला ‘पानावरून रोग ओळखणे’ हा विषय दरवर्षी कुणीतरी घेतंच, आणि बहुतेक जण प्लांटव्हिलेज उतरवून ९८-९९ टक्के काढून मोकळे होतात. त्याऐवजी एका हंगामात असं करता येईल. ऑगस्टपासून, कपाशी पात्या-फुलांवर आली की, हेक्टरी पाच सापळे लावलेल्या काही शेतांतून पतंगांचे फोटो घ्यायचे. ताजे, शिळे, भिजलेले, सकाळचे, टॉर्चच्या उजेडातले. कृषीच्या पोरांनी पतंग ओळखून नावं द्यायची, इंजिनिअरिंगच्या पोरांनी मोबाइलनेट शिकवायचं. मग तीन पायऱ्यांत छाटायचं: तीस टक्के फिल्टर, पन्नास, सत्तर. प्रत्येक पायरीला तेच शंभर फोटो दाखवायचे, ग्रॅड-कॅम काढायचा आणि ओळीने भिंतीवर लावायचा. कुठल्या पायरीला लाल रंग पतंगावरून कागदाच्या सुरकुतीवर सरकला, ते कृषी सहायकालाही लांबून दिसेल. आणि शिळ्या, भिजलेल्या पतंगांची मोजणी कधी ढासळली ते वेगळ्या तक्त्यात.

खर्च म्हणाल तर सापळे, आमिषाच्या गोळ्या आणि पेट्रोल. ५०० कोटींच्या धोरणात एवढ्याला जागा निघायला हरकत नाही. आणि शासनाने याच पैशातून एखादं कीड-ॲप विकत घेतलं किंवा बनवून घेतलं तर करारात दोन ओळी घालाव्यात: छाटलेल्या मॉडेलचा प्रत्येक किडीसाठीचा वेगळा निकाल जाहीर करायचा, आणि ॲपने मोजलेली प्रत्येक गोष्ट फोटोवर चौकट काढून दाखवायची. निविदेच्या कागदात हे बसतं. ॲप बनवणाऱ्यालाही ते अवघड नाही, कारण चौकटी मॉडेल आधीच काढत असतं. त्या फक्त पुसायच्या नाहीत.